शालू, मैदानाचं भांडण अजून मिटलेलं नाही

परवा क्लबच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली, शालू. टेबलावर तुझ्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून ठेवला होता. त्यात तू नुकतीच कोणाशी तरी भांडून आल्यासारखी दिसतेस. अध्यक्षांनी माइक घेतला आणि म्हणाले, "मॅडम बहुत शांत स्वभाव की थीं. इतनी बीमारी, पण कधी तक्रार नाही. हसत हसत सोसलं सगळं." लोकांनी माना हलवल्या. तुझ्या आईने मान खाली घातली. तिला हसू येत होतं की रडू, मला कळलं नाही.

बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. तरी मी उठले. म्हणाले, "साहेब, तुम्ही दुसऱ्या कोणाबद्दल तरी बोलताय. शालू शांत नव्हती. दुखायला लागलं की दवाखान्यातून तिचा आवाज रस्त्यापर्यंत जायचा. आणि तक्रार म्हणाल, तर तुमच्याच विरुद्ध तिने चारचौघांत उभं राहून केली होती. तुम्ही विसरला असाल, मी नाही." एवढं बोलून बसले. कोणीतरी घाईघाईने दोन मिनिटं मौन जाहीर केलं.

माणूस गेलं की लोक त्याला लगेच मऊ करून टाकतात. तुला मी मऊ होऊ देणार नाही. तसंही तू कधी कोणाचं ऐकलं नाहीस, आता माझं ऐकून घे.

नागपूरला शेतकी कॉलेजच्या होस्टेलमध्ये आपण एका खोलीत आलो, कारण आपण दोघीच गोंदियाकडच्या होतो. मी तिरोड्याकडची पोवाराची पोर, तू अर्जुनीकडच्या बौद्ध घरातली, आईने दुसऱ्यांच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, रोवणी करून शिकवलेली. पहिल्याच दिवशी तू मला सांगून टाकलंस, "पटले, ऐकून घे. मले सिकलसेल आहे. कधी कधी रात्रभर ओरडीन. झोप मोडली तं दुसरी खोली माग." रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांत अडकतात आणि हाडं आतून कोणी ठेचत असल्यासारखी दुखतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते दुखणं कसं ऐकू येतं, हे तुझ्यामुळे कळलं. मी खोली बदलली नाही. तू आयुष्यभर मला पटलेच म्हणत राहिलीस. माझ्या लग्नातसुद्धा, बदललेल्या आडनावाचा मान न राखता.

शिकून झाल्यावर मी कृषी सहायक झाले आणि गावोगाव धानाच्या बांध्या तुडवू लागले. तुझंही तसंच काही होईल असं मला वाटलं होतं. एक दिवस तू फोन करून म्हणालीस, "मले गवताची नोकरी लागली."

"कसल्या गवताची?"

"गोल्फच्या."

मी हसले. आपल्या जिल्ह्यात गोल्फ! गोंदियाजवळच्या मुर्रीच्या पलीकडे काही राईस मिलवाल्यांनी, ठेकेदारांनी आणि डॉक्टरांनी मिळून जमीन घेतली होती, कालपर्यंत धान पिकणारी, आणि तिच्यावर नऊ भोकांचं मैदान केलं होतं. त्या मैदानाची तू अधिकारी. मी बघायला आले तेव्हा तू टोपी घालून, पाण्याची बाटली काखेत मारून उन्हात उभी होतीस. सगळं दाखवलंस. हे फेअरवे, लांबट पट्टा, इथून चेंडू मारत जायचं. हे ग्रीन, भोकाभोवतीची गालिच्यासारखी जागा. तिथलं गवत रोज इतकं बारीक कापायचं की मुंगी चालली तरी दिसावी. हे गवत म्हणजे आपलीच दूब, हरळी, फक्त शिकलेली, असं तू म्हणालीस.

शिकलेल्या दुबेला पहिली दोन वर्षं क्लबवाले पोत्याने युरिया चारत होते. त्यांना एकच कळत होतं. अध्यक्ष येता-जाता म्हणायचे, "मॅडम, हरा चाहिए. एकदम हरा. फोटो में दिखना चाहिए." युरिया टाकला की चार दिवसांत मैदान गडद व्हायचं, गवत भराभर वाढायचं, मऊ पडायचं. मग पावसाळ्यात बुरशीची वर्तुळं उठायची. मग बुरशीचं औषध. मग पुन्हा युरिया. आणि उरलेलं नत्र पावसाच्या पाण्याबरोबर नालीतून खालच्या गावाच्या बोडीत जायचं. बोडी म्हणजे गावचा लहानसा तलाव. त्यात ढिवर बायांची सोसायटी मासे पाळायची.

तू हे बदलायला घेतलंस. कापणीच्या मशिनच्या पेटीत रोज किती गवत निघतं ते बादलीने मोजायला लावलंस. गवत जास्त निघालं, तर त्याचं पोट भरलेलं आहे, खत थांबवा. कमी निघालं, तर थोडं द्या. थोडं म्हणजे पाण्यात विरघळवून, पंपाने, पानावर. प्रत्येक ग्रीनच्या कडेला एक पट्टी बिनखताची ठेवलीस आणि एक पट्टी भरपूर खताची. बाकी ग्रीन या दोन्हींच्या मध्ये कुठे आहे ते रोज सकाळी उकिडवं बसून बघायचीस. मी धानासाठी वापरत होते ती पानाचा रंग ताडून पाहायची प्लास्टिकची पट्टी तू माझ्या पिशवीतून उचलून नेलीस. परत दिली नाहीस. मी मागितली नाही असं नाही, पण "कायले पाहिजे तुले, तुमच्या ऑफिसात खोकाभर पडल्या आहेत" असं म्हणून तू मला वाटेला लावलंस.

या बदलानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात तू तोंडावर पडलीस, हेही लिहिते, कारण तुझ्या हुशारीच्या गोष्टी परवा पुष्कळ झाल्या. तू नत्र गरजेपेक्षा जास्त तोडलंस. ग्रीनवर नाण्याएवढे पांढुरके डाग उठले, मग ते डाग एकमेकांत मिसळले. क्लबमध्ये हसाहस झाली. मॅडमनी गवत उपाशी मारलं म्हणे. कमिटीच्या बैठकीत एकजण तुझ्यासमोर दुसऱ्याला म्हणाला, "कोटे से पढ़ के आते हैं, और क्या होगा." बैठक संपवून तू थेट माझ्याकडे आलीस आणि तुझंच उत्तर मला ऐकवलंस. "मी त्याले म्हटलं, हो, कोट्यातूनच शिकली. गवत माझ्यानं चुकलं, तं गवताचं बोल. डोस वाढवतो, महिन्यात भरून येते. नाई आलं तं मंग बोलावा."

भरून आलं. तो माणूस पुन्हा काही बोलला नाही. पण बैठकीत तुझ्यासमोर चहाचा कप ठेवायला तो नेहमी विसरायचा, आणि तू दर वेळी मोठ्याने आठवण करून द्यायचीस.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी ज्या गावांत जात होते तिथे रोवणीनंतर युरियासाठी दुकानापुढे सकाळपासून रांग लागायची. बाया चपला रांगेत ठेवून सावलीला बसायच्या. आणि तू त्याच जिल्ह्यात, कोणाच्याही जनावराच्या पोटात न जाणाऱ्या गवताला चमच्याने नत्र भरवत होतीस. मी ते तुला तोंडावर म्हणाले. आठवतं? गोंदियाच्या स्टेशनसमोर आपण समोसे खात होतो.

"तू गेली तं मैदान बंद होते काय?" तू विचारलंस.

"नाही."

"मी नाई राहिली तं तिथं पुन्हा पोते ओततील. ते चालते तुले?"

"मला ते मैदानच नको आहे, शालू. ती धानाची जमीन होती."

"नको तं नको. पण आहे नं? जे आहे त्याचं सांग." मग माझ्या ताटलीतला समोसा उचलत म्हणालीस, "आणि ऐक. तुमच्या शेतकऱ्याच्या बांधीत मोजाले कोण देते? इथं मले पंप आहे, माणसं आहेत, मशीन आहे. इथं शिकतो, तिथं नेतो. यात काय वाईट?"

मी म्हणाले, श्रीमंतांच्या अंगणात शिकून गरिबाला शिकवायचं, ही उलटी गंगा आहे. तू म्हणालीस, गंगा कोणत्याही बाजूने येऊ दे, पाणी पाहिजे. मी म्हणाले, तुझं पाणी बोडीत जाऊन राहिलं. मला जिंकल्याचा आनंद झाला नाही. तू उरलेला समोसा तसाच ठेवून उठलीस.

पण तू नेलंस, हे मी नाकारत नाही. आमची शेती चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावरची. माझे बाबूजी तिथे बांधीत युरिया फेकायचे तो हाताच्या अंदाजाने, शेजाऱ्याने फेकला म्हणून, आणि दुकानात मिळाला म्हणून. माझं सांगणं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. घरच्या पोरीचं ऐकायचं कशाला? तू आलीस, बांधीत उतरलीस, पानाला रंगाची पट्टी लावलीस आणि म्हणालीस, "बाबूजी, याचं पोट भरलं आहे. आता चाराल तं लोळन." ते म्हणाले, "शालूबाई, गवतावाली तू, धान तुले काय समजते?" तू म्हणालीस, "धान गवतच आहे, बाबूजी. फक्त तुमच्या नशिबानं दाणे येतात."

बाबूजी इतके हसले की बांधावर बसले. त्यांनी एका बांधीत तुझं ऐकलं, बाकीच्यांत स्वतःचं. दिवाळीच्या आधी वारं सुटलं तेव्हा बाकीच्या बांध्यांतला धान आडवा झाला आणि तुझी बांधी उभी राहिली. पुढच्या वर्षी युरिया टाकायच्या आधी बाबूजी मला म्हणाले, "शालूबाईले बोलाव." मला नाही विचारलं. तुला बोलाव. मी आठ दिवस त्यांच्याशी नीट बोलले नाही, आणि तू हे सगळ्यांना सांगत फिरलीस.

अर्जुनीजवळच्या प्रतापगडाचं मला सारखं आठवतं. तुझ्या गावाहून गड दिसायचा आणि लहानपणापासून तुला कोणी वर जाऊ दिलं नव्हतं. दम लागेल, दुखणं येईल, खाली कोण आणेल? यात्रेची गर्दी ओसरल्यावर आपण दोघी गेलो. खाली दर्ग्यापाशी पाणी प्यायलो आणि चढायला लागलो. अर्ध्यावर तुझ्या मांड्या धरल्या. तू दगडावर बसलीस, चेहरा राखेसारखा झाला. मी माणसं बोलवायला निघाले तर माझा हात धरलास. "कोणाले बोलावू नको. खाली नेतील." मग ओरडलीस. खालून येणाऱ्या बाया थांबल्या, त्यांना वाटलं अंगात आलं. एकीने तर तुझ्या पायाला हात लावला. दुखता दुखता तू मला म्हणालीस, "पटले, तिले सांग, मी देवी नाई, मी शेतकी पदवीधर आहे." आपण दोघी तिथेच रडत हसत बसलो. ऊन कललं तेव्हा दुखणं जरा ओसरलं. तू उठलीस. मला वाटलं आता खाली. तू वर बघितलंस आणि वर निघालीस. मी तुझ्या मागून शिव्या देत चढले. माथ्यावर पोचलो. तू नुसती उभी राहिलीस, खालच्या बांध्यांकडे बघत.

आता बोडीचं.

एका वर्षी दसऱ्याच्या आधी क्लबची मोठी स्पर्धा होती. नागपूर-रायपूरहून खेळणारे येणार होते. तू गोंदियाला दवाखान्यात होतीस, सलाईनवर. तुझ्या गैरहजेरीत अध्यक्षांना मैदान फिकं वाटलं. त्यांनी एका ठेकेदाराला सांगितलं. त्याने आभाळ भरून आलेलं असताना सगळ्या मैदानावर पोत्यांनी युरिया फेकला. संध्याकाळी पाऊस आला, आणि तो दुसऱ्या दिवशीही थांबला नाही.

काही दिवसांनी बोडीचं पाणी वाटाण्याच्या आमटीसारखं हिरवं झालं. मग एका पहाटे मासे वर आले, तोंडं उघडी टाकून. सूर्य उगवेपर्यंत ते पांढऱ्या पोटांनी तरंगत होते. सोसायटीची म्होरकी देवकाबाई. तिने गावभर आरडाओरड केली. सरपंचांनी बोडीच्या पाळीवर, काठाच्या बांधावर, सभा बोलावली. मी त्या गावची कृषी सहायक, म्हणून मलाही यावं लागलं. क्लबच्या बाजूने अध्यक्ष स्वतः आले होते आणि समजावून सांगत होते की गावातल्या बाया इथे कपडे धुतात, जनावरं बसतात, दुर्गेचं विसर्जन करतात, पाणी खराब होणारच. मैदानाचा काय संबंध?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात ऑटोचा आवाज आला. तू उतरलीस. मनगटावर सुईच्या जागी कापूस चिकटवलेला होता. डॉक्टरांनी सोडलं नव्हतं, तू निघून आली होतीस. मला इतका राग आला की सगळ्यांसमोर मी तुझ्यावर ओरडणार होते. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. सरळ पाळीवर चढलीस.

"हे खत आमच्या मैदानाचं आहे," तू म्हणालीस. "ढग असताना टाकलं. टाकाले नाई पाहिजे होतं. पावसानं वाहून आलं, शेवाळ झालं, रात्री पाण्यातली हवा संपली, मासे गुदमरून मेले. कपडे धुतल्यानं नाई मेले."

अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आप हमारी तरफ से हैं."

"मी मैदानाकडून आहे, साहेब. मैदानाचंच सांगून राहिली."

मागून एक माणूस ओरडला, "काऊन वं, इतके वर्षं तूच तं टाकत होती नं खत! आता लय साळसूद झाली!"

तू त्याच्याकडे वळलीस. "हो. मीच टाकत होती. मोजून टाकत होती. तरी थोडंफार इकडं येतच असन, ते मी नाई म्हणत नाई. यावेळी न मोजता ओतलं."

मला वाटलं आता तरी कोणी तुला बरं म्हणेल. देवकाबाई पुढे आली, तुला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "खरं बोलली तू. पण मासे मेले ते मेले." आणि बायांना घेऊन निघून गेली.

तिथेच, ऑटोत बसायच्या आधी, अध्यक्षांनी तुला सांगितलं की उद्यापासून यायची गरज नाही. तू म्हणालीस, "उद्या मी तसंही दवाखान्यात आहे." ऑटोत मी तुझ्यावर तोंड सोडलं. वेडी आहेस, जीव प्यारा नाही, नोकरी गेली, वगैरे सगळं. तू बाहेर बघत राहिलीस. पाळीवर तू बोलत होतीस तेव्हा मला काय वाटत होतं, ते मी त्या दिवशी बोलले नाही, नंतरही नाही. आता सांगते. मला वाटलं होतं, ही माझ्या खोलीतली आहे.

बरी होऊन तू माझ्या माहेरी राहायला आलीस. बाबूजींच्या बांध्यांत हिंडलीस, आमच्या आईच्या स्वयंपाकाला नावं ठेवलीस. इकडे मैदानाचं जे व्हायचं ते झालं. इतक्या युरियाने गवत मऊ आणि दाट झालं, खाली जुन्या कुजक्या काड्यांचा थर साचला, पाणी आत मुरेना, बुरशीने ग्रीन खाल्लं. उन्हाळ्यात तर चट्टे पडून मैदान खरजेसारखं दिसू लागलं. शेवटी क्लबमधून निरोप आला. मी म्हणाले, जाऊ नको. आता मरू दे ते मैदान, धान लावतील. तू म्हणालीस, "धान नाई लावत ते, प्लॉट पाडतील." तुझं ते म्हणणं मला आजही खुपतं.

तू गेलीस, पण तुझ्या अटीवर. बोडीकडच्या उताराला खताचा कण पडणार नाही, तिथे उंच गवत वाढू द्यायचं, म्हणजे वाहून येणारं पाणी त्यात अडेल. आभाळ आलेलं असताना खत नाही, मग कोणीही येणार असो. आणि तू दवाखान्यात असलीस तरी तुला विचारल्याशिवाय पोतं उघडायचं नाही. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आप तो शर्तें लगा रही हैं." तू म्हणालीस, "हो." बस, हो. पुढची सगळी वर्षं तू ती नोकरी त्या एका 'हो'वर केलीस. मैदान पूर्वीइतकं गडद कधीच झालं नाही. पाहुणे फिकं म्हणायचे. तू त्यांना ग्रीनवर अनवाणी चालायला लावायचीस.

बोडीत पुन्हा माशांचं बीज सोडलं गेलं. देवकाबाईने तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. एकदा तुझ्या फाटकावर टोपलीत दोन मासे ठेवून गेली, आणि तू विचारायला गेलीस तर म्हणाली, मी नाई ठेवले.

या खेपेला दुखणं छातीत भरलं. मी दुपारी यायचे तेव्हा तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा असायचा आणि तू तो काढून बोलायचीस. नर्स रागवायची. शेवटच्या आधीच्या दिवशीही आपण तेच भांडलो. मी म्हणाले, इतकी डोक्याची बाई तू, विद्यापीठात हवी होतीस, हजारो शेतकऱ्यांना उपयोग झाला असता, आणि तू आयुष्य घातलंस वीसपंचवीस लोकांच्या खेळाच्या गवतात. मला राग तुझा नव्हता गं, तू जात होतीस याचा होता. तुला ते कळलं असणार. तू मुखवटा बाजूला केलास.

"पटले, तू मले हिशेब कायले मागून राहिली? मले ते गवत आवडत होतं."

इतकी वर्षं तू मला धानाची, बोडीची, शिकण्याची कारणं दिलीस. हे एकदाही सांगितलं नव्हतंस. मी काही बोलणार तेवढ्यात नर्सने मुखवटा परत लावला आणि मला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तू बोलण्यासारखी नव्हतीस. चाळिशीही गाठली नाहीस.

सांत्वनाला येणारे म्हणतात, सुटली बिचारी. मी त्यांना सांगते, ती सुटायला बघत नव्हती. तिला अजून राहायचं होतं. तिला मैदानाच्या वरच्या बाजूला गवताची नवी जात लावून पाहायची होती, आईसाठी घराला पक्कं छत घालायचं होतं, माझ्याशी पुढच्या रविवारी भांडायचं होतं. सुटणं वगैरे बोलून कोणी माझी समजूत काढू नये.

आणि आता कालचं सांगते. शोकसभेला दोन दिवससुद्धा झाले नव्हते. सकाळी देवकाबाईचा फोन आला. माझा नंबर तिच्याकडे आहे हेच मला माहीत नव्हतं. "मॅडम, मैदानावर ट्रक आला. पोते उतरवून राहिले." मी बाहेर पाहिलं. आभाळ काळंभोर होतं. दसरा जवळ आला आहे, स्पर्धा आहे.

मी पोचले तेव्हा फाटकाच्या आत युरियाची पोती रचलेली होती, आणि त्या थप्पीवर देवकाबाई मांडी घालून बसली होती. तिच्या आजूबाजूला सोसायटीच्या चार बाया. ठेकेदाराची माणसं लांब उभी राहून बिडी ओढत होती. तुझ्या हाताखाली गवत निवडणाऱ्या बायाही हातातलं काम टाकून येऊन उभ्या राहिल्या होत्या. मी सरकारी माणूस, मला असं कुठे बसता येत नाही. मी देवकाबाईकडे बघितलं. तिने थोडं सरकून जागा केली. मी बसले.

थोड्या वेळाने अध्यक्षांची गाडी आली. ते उतरले, मला तिथे बघून थबकले. मग देवकाबाईला म्हणाले, "बाई, उठा. ये सब मॅडम का नियम था. मॅडम तो अब नहीं रहीं."

"म्हणूनच तं आमी आलो," देवकाबाई म्हणाली.

त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, फोन काढला, परत ठेवला. पाऊस सुरू झाला. आम्ही उठलो नाही. शेवटी त्यांनी ठेकेदाराला हात केला. माणसांनी थप्पीतली पोती एकेक करून परत ट्रकमध्ये चढवली, शेवटच्या पोत्यावरून देवकाबाई स्वतःहून उतरली. नवा अधिकारी नेमेपर्यंत खत टाकणार नाही, आणि नेमाल तेव्हा मला त्याच्याशी बोलू द्याल, एवढं मी अध्यक्षांकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं.

तर शालू, ज्या मैदानाला मी इतकी वर्षं नको म्हणत आले, त्याच्या फाटकात मी काल भिजत बसले होते. याचा अर्थ तू जिंकलीस असा घेऊ नको. ती धानाची जमीन होती, आणि हे मी त्या नव्या अधिकाऱ्यालाही सांगणार आहे. त्यानंतर त्याला तुझं म्हणणंही सांगावं लागेल, कारण सांगायला दुसरं कोणी उरलेलं नाही. तुझी बाजू मी तुझ्याइतकी चांगली मांडणार नाही, हे तुला आत्ताच सांगून ठेवते.